आठवड्यातून एकदा

आईने थर्माकोलचा शेवटचा तुकडा खोक्यात कोंबला, झाकणावर गुडघा रोवला आणि चिकटपट्टी दातांनी तोडली.

"हे परत जाणार," ती म्हणाली.

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कॉफीचं मशीन त्यानेच दुकानातून मागवलं होतं. गुरुवारी ते घरपोच आलं आणि आज रविवारी तो ते लावून द्यायला आला होता. मशीनला अकरा बटणं होती, एक छोटा पडदा होता, दूध फेसाळायची नळी होती. ओट्यावर ठेवलं तर भाजी चिरायला जागा उरत नव्हती.

"अगं, पण तूच म्हणालीस ना फोनवर? कॉफीचं काहीतरी घ्यायचंय म्हणून."

"घ्यायचंय म्हणाले. घेऊन दे म्हणाले नाही."

"चांगल्या कंपनीचं आहे. एक बटण दाबलं की झालं. तुला काही करायलाच नको."

आईने गुडघा काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. काच आणि फ्रेम यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तिच्या बोटाला कळायची. घरी आल्यावर स्वयंपाक, धुणी, सासऱ्यांची औषधं. एवढ्या वर्षांत 'तुला काही करायला नको' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. नवरा जाऊन पाच महिने झाले होते, आणि आता कुणी म्हणत होतं, तर तेही या मशीनबद्दल.

"खोकं उचल," ती म्हणाली. "जड आहे."

दुकानातल्या विक्रेत्याने खोकं उलटसुलट करून पाहिलं. पैसे परत मिळणार नाहीत, पण बदलून दुसरं काही घेता येईल, असं तो म्हणाला. म्हणाला ते मुलाला.

"सर, घरात कॉफी पिणारे किती जण?"

"फक्त आई. तीही कधीतरीच."

"कधीतरी म्हणजे?"

"वर्षातून दोन-चारदा. पाहुणे वगैरे आले की."

"आठवड्यातून एकदा," आई म्हणाली.

मुलाने चमकून मागे पाहिलं. विक्रेत्याने पाहिलं नाही. "मग सर, कधीतरीच पिणाऱ्यांना कॅप्सूलवालं बरं. पूड उघडी पडून शिळी होत नाही, धुवायची कटकट नाही. आमच्या आईलासुद्धा मी..."

"मी इथे उभी आहे," आई म्हणाली.

"हो काकू, तेच सरांना सांगतोय."

"सरांना नको सांगू. पिणार मी आहे, धुणारही मीच. माझ्याकडे बघून बोल."

शेजारी फ्रीज बघणारं जोडपं बोलायचं थांबलं. विक्रेत्याचे कान लाल झाले. "बोला ना काकू," तो हळूच म्हणाला.

आईने मांडणीवरचं पहिलं मशीन पुढे ओढलं. "हे किती कपांचं?"

"सहा."

"एकच कप केला तर?"

तो जरा अडखळला. "खरं सांगू का? पातळ होते. एका कपाची पूड तळाशी नुसती पसरते."

"मग हे नको." तिने ते मागे सारलं. पुढे एक काचेचं भांडं होतं, वरून दांडा दाबायचं. तिने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "इथे टवका उडालाय."

विक्रेत्याने डोळे बारीक करून पाहिलं. त्याला काही दिसेना. मग त्याने स्वतःचा अंगठा फिरवला आणि निमूटपणे ते भांडं काउंटरखाली ठेवून दिलं.

तिसरं होतं गॅसवर ठेवायचं अॅल्युमिनियमचं भांडं, आठ कोनांचं. खाली पाणी, मध्ये पूड, उकळलं की कॉफी वरच्या भागात येते. आईने ते पिळून उघडलं, आतली रबराची रिंग नखाने उचकटून उजेडात धरली.

"ही सुटी मिळते का?"

"मिळते ना."

"याहून लहान आहे? एका कपाचं?"

"सहसा कुणी मागत नाही. आत बघतो."

तेवढ्यात मुलगा हसला. मघापासून त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं, आता त्याला धरायला काहीतरी सापडलं होतं.

"आई, अगं हे तर आपलं खिळ्यांचं भांडं!" तो विक्रेत्याकडे वळला. "आमच्या घरी होतं हो, सेम असंच. बाबा त्यात खिळे आणि स्क्रू ठेवायचे. कुणी आलं, की ते खुळखुळ वाजवून विचारायचे, 'आमच्या हिची कॉफी तयार आहे, घेणार का थोडी?' लोक असे हसायचे!"

विक्रेताही हसला.

आईच्या हातात भांड्याचे दोन तुकडे होते. ते ती परत जोडायला गेली, तर आटे जुळेनात. लोक हसायचे, खरंच होतं ते. तीही हसायची. चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची, खुळखुळ ऐकायची आणि पदराने ओठ टिपत सगळ्यांबरोबर हसायची. नवऱ्यावरचा राग तिने केव्हाच गिळून टाकला होता. स्वतःचं ते हसू मात्र अजून घशात अडकलं होतं.

"खिळ्यांचं नव्हतं ते," ती म्हणाली. "कॉफीचं होतं. माझं होतं."

"अगं, मी गंमत..."

"गंमत तुझी झाली. कारखान्यात आमच्याकडे काचा तपासायला एक बाई होती. भिंगबाई म्हणायचे तिला. शुक्रवारी शेवटची खेप गेली की ती गोदामात शेगडी लावायची. दोघी बसायचो. एक कप तिचा, एक माझा. नोकरी सोडून गेली तेव्हा ते भांडं मला देऊन गेली."

विक्रेता आत जायचं विसरून उभा होता.

"तुझ्या बाबांना म्हणे त्या वासाने मळमळायचं. म्हणून घरात कुणी नसताना करायचे, खिडक्या उघड्या टाकून. पाच शुक्रवार केली. सहाव्या शुक्रवारी फडताळात भांडं नव्हतं. बाल्कनीत होतं, खिळ्यांनी भरलेलं."

"मग आठवड्यातून एकदा..." मुलगा पुटपुटला.

"कोपऱ्यावरच्या टपरीत. उभ्याने. मग रस्त्यावरच्या नळाला चूळ भरून घरी. निवृत्त होईपर्यंत." तिने विक्रेत्याकडे पाहिलं. "बघून येतोस ना?"

तो लगबगीने आत गेला आणि धुळीने माखलेलं एक लहानसं खोकं घेऊन आला. आईने उघडून पाहिलं, आटे फिरवले, रिंग तपासली. "बांध," म्हणाली. उरलेल्या पैशांत आणखी काही हवंय का, असं त्याने विचारलं. या वेळी त्याने तिलाच विचारलं. तिने जास्तीच्या चार रिंगा घेतल्या आणि बाकी रकमेची चिठ्ठी लिहून मागितली.

गाडीत बसल्यावर मुलाने किल्ली लावली, पण फिरवली नाही. वाहनतळात गर्दी होती. एकेक गाडी हळूहळू सरकत जागा शोधत होती.

"आई," तो समोर बघत म्हणाला, "त्या पाचव्या शुक्रवारी मी शाळेतून लवकर आलो होतो. तू खिडकीपाशी होतीस, कप हातात. मी जिन्यातूनच मागे फिरलो." तो थांबला. "बाबांना मी सांगितलं."

"माहीत आहे."

त्याची मान वळली. "कधीपासून?"

"भांडं गेलं तेव्हापासून. आदल्याच शुक्रवारी संध्याकाळी बाबांबरोबर सायकलवरून आला होतास. गळ्यात नवी शिट्टी. चारही जिने ती वाजवत चढलास. कारण नसताना बाबांनी कुणाला काही आणलंय कधी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईने ते पाहिलं आणि पट्टा ओढून कमरेशी अडकवला.

"मग तू मला कधी काही बोलली का नाहीस?"

"आठ वर्षांचा होतास. आठ वर्षांच्या पोरावर काय रागवायचं?"

मुलाने श्वास सोडला. त्याचे खांदे सैल पडले. त्याने तिच्या हातावर हात ठेवायला आपला हात उचलला.

"आता बेचाळीसचा आहेस," आई म्हणाली.

हात मधेच राहिला. मागे कुणीतरी जागेसाठी हॉर्न वाजवत होतं. पुन्हा वाजवला, मग दाबूनच धरला. आई समोर बघत बसली होती आणि मुलाला किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवत नव्हतं.