इंजिनाचा टिळा

"ते पलंग-बिलंग ऱ्हाऊ दे. इंजिन दाव," भरमाआप्पा म्हणाले.

खंडेनवमीची सकाळ होती. मच्छे गावातल्या घरात पाटावर पाना, कानस, हातोडा मांडून झाले होते. फुलं वाहायची बाकी होती, तेवढ्यात लेकीला, दिपालीला, मोबाइलवर बापाचं जहाज सापडलं.

आप्पा त्या जहाजावर चौदा हिवाळे फिटर होते. फिनलंडकडच्या बेटांवरची माणसं आणि गाड्या पलीकडे न्यायच्या, समुद्र गोठला की बर्फ फोडत वाट काढायची, हे त्या जहाजाचं काम. खाली इंजिनाची घरघर, बाहेर बर्फाचा कडकडाट. त्यात आप्पांचा डावा कान गेला. गावाला मात्र यातलं काही पटलं नाही.

"बर्फ फोडाय जहाज कशाला? मष्णू गोळेवाला हातोडीनं फोडतोय की," असं त्यांची बायको मालुबाईच म्हणायची. चौदा दसरे एकटीनं काढलेल्या बाईला एवढं बोलायचा हक्क होता.

आता जहाज धक्क्याला बांधून त्याचं हॉटेल केलं होतं. दिपालीनं बोट सरकवलं. इंजिन जागेवरच होतं, पांढऱ्या रंगातलं. भोवती जेवणाची टेबलं.

"मोठं कर. वरच्या झाकणाचा कोपरा. उजवीकडला."

"काय बघताय, आप्पा?"

"पयल्या खंडेनवमीला कुंकू लावलं, ते तेलानं गेलं. मग लाल ऑइलपेंटचा टिळा लावला. साहेब लई वरडला. पण फुडं दर साली रंग माराय आलं की त्योच सांगायचा, एवढं सोडून मारा म्हणून."

दिपालीनं चित्र ताणून ताणून मोठं केलं. कोपरा गुळगुळीत, पांढरा होता. तिनं मान हलवली.

"असू दे. हाटेलात डाग कशाला पायजे," आप्पा म्हणाले आणि मघाच लखलखीत केलेला पाना पुन्हा पुसायला लागले.

मालुबाई कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. आज तिला थट्टा सुचली नाही. गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली.

"कुठं व्हता म्हणालासा?"

आप्पांनी दाखवलं. तिनं ओलं बोट कुंकवात बुडवून मोबाइलच्या काचेवर नेमकं तिथंच टेकवलं. मग मोबाइल पाटावर, पान्याशेजारी ठेवला.

"आई, काच..." दिपाली म्हणाली, पण पुसायला नेलेला हात तिनं मागं घेतला.

थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला. जहाज गेलं. टिळा तेवढा राहिला.