भरल्या घराचा दिवा

मी एक जुना दिवा आहे, जाड भिंगाचा, एका घराच्या उजव्या बाजूचा. आणि मित्रांनो, माझ्या घराला चाकं आहेत.

पूर्वी आमची मिनीबस सावनेरच्या खाणीवर कामगारांना पोहोचवायची. तेव्हा माझा उजेड कधी कुणाच्या डोळ्यांत गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पुढे सक्करदऱ्याच्या गोपाळरावांनी निवृत्तीनंतर ती विकत घेतली आणि आत पलंग, शेगडी अन् मागच्या टोकाला पाण्याची मोठी टाकी बसवली. त्यांच्या पत्नी शोभाताईंनी तिथेच गव्हाची कोठी आणि दगडी पाटा ठेवला. मिक्सरची चटणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

माझा पिवळा उजेड गोपाळरावांना आवडेना. सीताबर्डीहून त्यांनी झगझगीत पांढरे बल्ब आणले. हे बल्ब या भिंगाचे नव्हेत, असं गॅरेजातल्या रोशन मिस्त्रीने बजावलं, पण ऐकतो कोण? शेवटी त्याने ते लावले आणि भिंतीवर खडूची रेघ ओढून माझा झोत जुळवला. गाडी तेव्हा रिकामी होती. स्वयंपाकघराला ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून शोभाताईंनी सामान उतरवून, टाकीही रिती करून ती पाठवली होती.

पहिल्याच प्रवासात, दिवस मावळताना, नत्थूजी नावाचे शेतकरी समोरून सायकलवर आले. सामान पुन्हा चढवून टाकी भरली होती, त्या मागच्या भाराने आमचं नाक वर झालेलं. माझा झोत थेट त्यांच्या डोळ्यांत गेला. त्यांनी हात आडवा धरला, सायकल कलंडली आणि मनगट मोडलं. मला फार लाज वाटली. दवाखान्याच्या दारात ते एवढंच म्हणाले, "मले रस्ताच दिसला नाही जी."

गोपाळराव गॅरेजात येऊन म्हणाले, हा भंगार दिवा काढून फेक. रोशनने मागचं दार उघडून पाटा पाहिला.

"काकाजी, झोत जुळवायले रिकामी गाडी आणली, आन् चालवली घर भरून."

शोभाताई पुढे झाल्या. "दिव्याले काहून दोष देऊन राहिले? सामान तं मीच उतरवलं होतं."

गोपाळरावांनी पाण्याची नळी ओढून आणली. मग टाकी भरली, पाटा जागेवर गेला, दोघं आपापल्या जागी बसले. रोशनने माझ्याच जातीचा, पिवळ्या उजेडाचा नवा बल्ब लावला, वीज पुरेपूर पोचावी म्हणून जाड वायर ओढली, भिंग पुसलं आणि झोत रेघेखाली उतरवला. आता मी पूर्वीपेक्षा लांबचं दाखवतो. ही फुशारकी नाही.

मित्रांनो, तुमच्या गाडीचा दिवा जुळवाल तेव्हा ती रोज जशी भरलेली असते तशीच न्या. आणि समोरून येणाऱ्यालाही घर असतं, हे विसरू नका.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही नत्थूजींच्या गावी गेलो. पडल्यापासून ते सायकलला शिवले नव्हते. तिन्हीसांजेला गोपाळरावांनी गाडी उभी करून मला लावलं आणि त्यांना समोरून येण्याची विनंती केली. बराच वेळ ते नुसते उभे राहिले. मग सायकलवर बसून हळूहळू माझ्याकडे आले आणि बाजूने निघून गेले. त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते.