दारबाबांची अकरा मिनिटं

"शू! कोणी बोलू नका. बाबा बसलेत!"

सकाळचे साडेसात. आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या दारापाशी साठ-सत्तर माणसं श्वास रोखून उभी. नर्स, आचारी, ड्यूटी संपवून निघालेले दोन डॉक्टरसुद्धा. एका वॉर्डबॉयचं कार्ड दोन दिवस दार उघडत नव्हतं. कार्ड लावलं की लाल दिवा. दारबाबांनी ते कार्ड कपाळाला टेकवलं, "ग्रहण लागलंय. मनात खोट आहे तुझ्या," असं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन आतून कडी लावली. अकरा मिनिटं मौन. मग बाहेर येऊन म्हणाले, "लाव आता."

हिरवा दिवा! दार उघडलं. टाळ्या काय, पायांवर डोकी काय! तो सहा फुटी वॉर्डबॉय ढसाढसा रडला.

हे दारबाबा म्हणजे कुठल्या गुहेतून आलेले साधू नव्हेत. आस्थापना विभागाचे हेडक्लार्क. वर्षभरापूर्वी त्यांना म्हणे दाराचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हापासून त्यांच्या फायली दुसरेच लिहितात, त्यांचा डबा दुसरेच भरतात, आणि त्यांच्याशी कोणी वाद घातला की आठवड्यात त्याला 'ग्रहण' लागतं.

मी या हॉस्पिटलचा डिरेक्टरी सर्व्हर सांभाळते. म्हणजे इथल्या नऊशे माणसांची एक मोठी नोंदवही. प्रत्येकाचं एक पान, पानात खाने. नाव, विभाग, फोन, कार्डाची मुदत. दारं आणि हजेरी, सगळं याच वहीला विचारून चालतं. आणि त्या वहीत कुठल्याही खान्यात कोणी काहीही लिहावं! फोनच्या खान्यात 'घरी आहे', विभागाच्या खान्यात 'माहीत नाही'. सर्व्हर सगळं मुकाट घेतो. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं! खान्यांना नियम लावा, चुकीचं लिहिलं तर सर्व्हरनंच नाकारलं पाहिजे, असं मी चार वर्षांत चार पत्रं लिहून मोठ्या साहेबांना कळवलं. उत्तर ठरलेलं. "अहो, नियम लावले की लोकांची कामं अडतात. चाललंय ना? चालू द्या."

मीही चालू दिलं. माझी चूक झाली, ती इथंच कबूल करते.

त्या संध्याकाळी मी आणि माझी धाकटी जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होतो. ती आमच्याच हॉस्पिटलात, चादरी-कपड्यांच्या खोलीत, वर्षभरापासून तात्पुरती कामाला. शुक्रवारी कायम करायची यादी निघणार होती. घडी घालता घालता ती एकदम म्हणाली, "ताई, मी नोकरी सोडते."

"वेड लागलंय का तुला? परवा यादी आहे!"

"माझं नाव नाही येणार. तेरा दिवस दार मला घेत नाहीये. दुसऱ्या कोणाच्या मागून आत शिरते, दिवसभर राबते, पण हजेरी लागत नाही. बाबा म्हणाले, तू पांढऱ्या पायाची आहेस. घरात सांगितलंस तर घराला बाधेल." तिनं हातातली घडी खाली टाकली. "आता खोलीतल्या बायका माझ्या हातची चादरसुद्धा घेत नाहीत, ताई. त्यांचं तरी काय चुकलं? खरंच असेल माझ्यात काहीतरी."

डोकंच फिरलं माझं. चांगली शिकलेली, धडधाकट पोरगी, आणि तेरा दिवस एका लाल दिव्यासमोर मान खाली घालून उभी राहते! आणि मी, तिची थोरली जाऊ, त्याच इमारतीत बसून फोनचे खाने तपासतेय!

"का गं? बाबांशी काही बोलली होतीस का?"

"त्यांच्या मेहुणीला माझ्या जागी घ्यायचंय. राजीनामा देतेस का, असं गोडीगोडीनं विचारत होते. मी नाही म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सातला मी तिचं पान उघडलं. कार्डाच्या मुदतीच्या खान्यात तारीखच नव्हती. होता एक ठिपका. बास, एवढंच ते ग्रहण! दार दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडून माहिती घेतं. ठिपका म्हणजे कुठली तारीख, ते त्याला कळत नाही, म्हणून ते कार्ड नाकारतं. एक मिनिट लिहायला, दहा मिनिटं वाट बघायला. झाली अकरा मिनिटं!

ठिपका पुसणं सोपं होतं. पण मी पुसला असता तर 'बाबांनी क्षमा केली' म्हणून पुन्हा त्यांचेच पाय धरले असते. आणि नोंद कोणी बदलली म्हणाल, तर आस्थापनाचे चारही कारकून एकच पासवर्ड वापरतात. पुरावा शून्य.

म्हणून या वेळी मी पाचवं पत्र लिहिलं नाही. सरळ नियम लावला. या खान्यात फक्त तारीख चालेल, तीही आजच्या आधीची नको. आणि नाकारलेला प्रत्येक प्रयत्न कुठल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून झाला, ते मला दिसेल.

साडेसातला दारापाशी गर्दी होतीच. मोठ्या साहेबांनाही मी बोलावून घेतलं होतं. मी माझं कार्ड पुढे केलं. "बाबा, माझा विश्वास नाही. मनात खोटच खोट आहे. लावा ग्रहण."

बाबा हसले. "पस्तावशील, बाई."

"पस्तावते. बसा तुम्ही मौनात."

बाकीचे तिन्ही कारकून माझ्या शेजारी उभे. बाबांनी कडी लावली. मी लॅपटॉप साहेबांपुढे धरला. मिनिटभरात पहिली ओळ आली आणि मी मोठ्यानं वाचली. "हेडक्लार्कचं टेबल. लिहिलं, ठिपका. नाकारलं." मग शून्य. नाकारलं. मग कालची तारीख. नाकारलं. गर्दीतून कोणीतरी खुदकन हसलं. चौथ्यांदा बाबांचा तोल गेला असावा. लिहिलं होतं, 'बंद हो'.

अकरा मिनिटांनी बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. मी कार्ड लावलं. हिरवा.

"मौनात टंकलेखन करतात का हो, बाबा?" आचाऱ्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "माझ्या साधनेत विघ्न आणलंत." कोणी पाया पडलं नाही.

आणि साहेबांचा पहिला प्रश्न काय असावा? "हा नियम कोणाच्या परवानगीनं लावलात?" कपाळाला हात मारला मी. चार पत्रांच्या प्रती आणि जावेच्या हजेरीचा अर्ज त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "पत्रांवर सही राहिलीय, ती करा. आणि माझ्या जावेच्या तेरा दिवसांच्या हजेरीवरही करा." गर्दी बघत होती. साहेबांनी दोन्हीकडे सही केली.

मग सगळ्यांसमोर जावेचं पान उघडलं. नियम लावला म्हणून आधीचा कचरा आपोआप जात नाही, तो शोधून काढावा लागतो. ठिपका तिलाच पुसायला लावला, तारीख तिलाच लिहायला लावली. दहा मिनिटं सगळे तिच्याबरोबर थांबले. तिनं कार्ड लावलं. हिरवा दिवा.

ती आत गेली नाही. वळून मला विचारलं, "ताई, म्हणजे माझ्यात काही नव्हतं?"

"काही नव्हतं गं. कधीच नव्हतं."

मागून एक नर्स कौतुकानं म्हणाली, "तुमच्या लॅपटॉपात भारी शक्ती आहे हो!" आणि चक्क त्याला नमस्कार करायला वाकली. मी तिचे हात धरले. "बाई गं, नमस्कार नको. विचार. दार का उघडलं नाही, कोणी लिहिलं, कुठं लिहिलं, ते विचार. मलासुद्धा विचार. तेरा दिवसांत एकानं जरी विचारलं असतं, तर ही पोरगी रडली नसती."

 नर्स दारापाशी ठेवलेली खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बरं, मग आधी माझं पान दाखवा."