वेलाखालचा पाऊस

माझ्या अंगणात पाऊस मोजायचं भांडं आहे, शेजारी उन्हाचा पारा बघायची पांढरी पेटी. नऊ वर्षं झाली. मी शाळा दुसरीपर्यंतच पाहिली, पण आकडा माझा चुकत नाही, हे पाड्यातल्या शिकलेल्यांना ऐकवायला मी कधी लाजले नाही. रोज सकाळी भांड्यातलं पाणी रेघांच्या पेल्यात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि ओट्यावरच्या फळ्यावर खडूने मांडायचा. डोळखांबला जाणारी माणसं थांबून वाचत. दर उन्हाळ्यात भाग्यश्री येऊन वही उतरवून नेई. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतली पोर ती.

गेल्या मे महिन्यात तिने समाजमंदिरात माझ्या आकड्यांचं चित्र दाखवलं. तीन वर्षं तुमच्याकडचा पाऊस भादव्यातच आटोपतोय, म्हणाली. सगळे माझ्याकडे वळले. मी पदर सावरला. "आकडा माझा हाय. खोटा नाय."

त्या शब्दावर माझा पुतण्या कुंडलिक आणि आणखी बऱ्याच जणांनी उशिराचं गरवं भात सोडून लवकर पिकणारं हळवं पेरलं. भादवा सरता सरता ते पिकलं, पण पाऊस काही हटला नाही. कापलेलं भात शेतातच भिजलं, दाण्यांना मोड आले.

माझ्या फळ्यावर तेव्हा सहा मिलिमीटर, कधी आठ. कुंडलिक चिखलाच्या पायांनी ओट्यापाशी आला. "काकी, माझं शेत वाहतंय नि तुझा फळा सहा म्हनतो?"

"फळा तुझ्या तोंडाकडं बघून लिवत नाय मी."

दुसऱ्या सकाळी सुनेची, कुणालीची, बादली अंगणाच्या मध्यात विसरलेली दिसली. कालच्या सांजेला रिकामी होती. आता तिच्यात चार बोटं पाणी. भांड्यात अर्धं बोटही नाही. मी वर पाहिलं.

परसातली घोसाळी माकडं खायची, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी मांडव पुढच्या अंगणात आणला होता. ओट्यावर बसून राखण होते. आषाढात वेल कोवळा, पाऊस थेट भांड्यात. भादव्यात मात्र पानं पसरून भांड्याचं तोंड झाकत. भाग्यश्री येई उन्हाळ्यात, तेव्हा मांडवाच्या नुसत्या काठ्या. पाऊस कुठे आटोपला नव्हता. माझी घोसाळी तो अडवत होती.

चार दिवस मी गप्प राहिले. वेलही तोडला नाही, कुणी विचारलं तर? पाचव्या दिवशी भाग्यश्रीला फोन लावला. ती आली, वेलाखाली उभी राहिली, मग पायरीवर बसली.

"आजी, चूक माझी. पावसात एकदा तरी यायला हवं होतं." मग हळूच म्हणाली, "ते आकडे मी काढून टाकते. पण गावात नका बोलू. उन्हाळा तापत चाललाय, ते आकडे खरे आहेत. मग तेही कुणी मानणार नाही."

"म्हंजे झाकायचं?"

"तसं नाही हो."

"तसंच गो."

चुकले, हा शब्द माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत माझा नवरा गेला. पण त्या रविवारी मी वेल उपटून समाजमंदिरातल्या सतरंजीवर टाकला आणि वही उघडून सगळं सांगितलं. भाग्यश्रीही उठून बोलली. कुंडलिकने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तुझ्या घोसाळ्याच्या भाजीपायी आमी हळवं पेरलं काय, काकी?"

कुणी हसलं नाही.

आता वैशाख आहे. मांडव परत परसात गेला. वहीत त्या तीन वर्षांच्या नि गेल्या पावसाळ्याच्या पानापानावर मी लिहून ठेवलंय, 'वर वेल होता.' भांडं, पेटी मी अजून बघते, फळा लिहिते. काल पारा त्रेचाळीसला गेला. आज सकाळी मी आकडा मोठा काढला आणि खाली लिहिलं, दुपारी शेतात जाऊ नका.

दुपारी कुंडलिकची बायको सुंदरा शेणखताची पाटी घेऊन शेताकडे चालली होती. फळ्यापाशी थांबली. हल्ली कुणी थांबत नाही, म्हणून मला बरं वाटलं.

"ह्ये कुठल्या येलाखाली मोजलंस?" तिने विचारलं.

"सुंदरा, ऊन वाईट हाय. आज नको जाऊ."

ती पाटी सावरून उन्हात उतरली. मी पुन्हा हाक मारली. ती वळली नाही.