थांबेश्वराचं लिंबू

शिवडीच्या गोदामांमागच्या रस्त्यावर रविवारी सकाळी अर्धं लालबाग लोटलं होतं. माणसं गोदामांच्या ओट्यांवर चढली होती, बायका उन्हाला छत्र्या धरून उभ्या होत्या आणि मधोमध भगवं जॅकेट, पांढरे बूट अशा थाटात थांबेश्वर महाराज गरजत होते.

"यम कशावर येतो? रेड्यावर! रेड्याला ब्रेक असतो का? नसतो! मग यमाला थांबवणार कोण? मेकॅनिक? अरे, मेकॅनिक चाक थांबवतो, हा थांबेश्वर काळ थांबवतो!"

टाळ्यांचा कडकडाट. यम कशावर येतो ते मला विचारा ना! मी कांता. परळच्या इस्पितळात अपघात विभागात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. यम बहुतेकदा मोटरसायकलवरून येतो, आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं.

मी तिथे गेले ती भाच्यापायी. आमच्या वैभवने बायको रुपाली आणि लेक मनवा या दोघींना घेऊन शिमग्याला मोटरसायकलनेच कणकवली गाठायचा घाट घातला होता. गाडीचा टायर इतका गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा! आठवडाभर ओरडत होते, "टायर बदल, मेल्या!" तर हा म्हणतो, "मावशी, टेन्शन नको घेऊ. महाराजांचं लिंबू बांधतोय ना!" आणि आज चमत्कार दाखवायला महाराजांनी नेमकं त्यालाच पुढे काढलं होतं.

चमत्कार असा. रस्त्यावर चुन्याची आडवी रेघ. चाक रेघेवर आलं की ब्रेक दाबायचा. पुढे थोड्या अंतरावर नारळ, आणि नारळामागे रिकाम्या खोक्यांची भिंत. पहिल्यांदा वैभव लिंबाशिवाय आला. सुसाट. रेघेवर ब्रेक दाबला, तरी गाडी नारळाला बगल देऊन खोक्यांत घुसली. मनवा घाबरून रडायलाच लागली.

मग महाराजांनी हँडलला लिंबू बांधलं. "आता गाऱ्हाणं! पण ध्यानात ठेव बाळा, गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत रेघ गाठलीस, तर देव कोपेल!"

गाऱ्हाणं म्हटल्यावर आमची कोकणातली माणसं हात जोडून ताठ उभी राहिली. गावी देवापुढे एक जण मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला साथ देतात. ते मधेच तोडायची आमच्यात कुणाची छाती नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची गाडी राख रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं चांगलं लांबलचक. वैभव तोंडाने "होय म्हाराजा" म्हणत आला, रेघेवर ब्रेक दाबला आणि गाडी नारळाच्या अलीकडे थांबली! एकच जल्लोष. लिंबांसाठी रांग लागली.

वैभव हेल्मेट काखेत मारून आला. "बघितलंस, मावशी? आता ह्याची पण गरज नाय. उद्या निघतो आम्ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुपालीने मनवाला घट्ट जवळ धरलं होतं. तिला भीती वाटत होती, पण चारचौघांत नवऱ्याला कसं बोलणार?

तेवढ्यात आमच्या शेजारची आकांक्षा पुढे झाली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते.

"महाराज, आणखी एकदा करू या? लिंबू राहू दे, फक्त गाऱ्हाणं नको."

"देवाची परीक्षा घेतेस, मुली?"

"देवाची कशाला? लिंबाची घेते."

गर्दी हसली. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. वैभव लिंबासकट पहिल्यासारखाच सुसाट आला, आणि पहिल्यासारखाच खोक्यांत गेला. लिंबू हँडलला मजेत लोंबत होतं.

"बघा! बघा!" महाराज डगमगले नाहीत. "सगळी शक्ती गाऱ्हाण्यात आहे!"

"असं होय?" मी पदर खोचला. "वैभव, काढ ते लिंबू. गाऱ्हाणं मी घालते, आणि ते संपेपर्यंत रेघ गाठायची नाही. बा म्हाराजा! उद्या चाळीत नळाचा पाणी उशिरा येतला रे म्हाराजा!"

सवयच ती! गर्दी ओरडली, "होय म्हाराजा!"

"तिसऱ्या माळ्यावरचे जिन्यात चपला काढतत, तेंका समज दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

लोक पोट धरून हसत होते आणि वैभव माझं चपलांचं गाऱ्हाणं संपायची वाट बघत हळूहळू येत होता. रेघेवर ब्रेक दाबला. गाडी नारळाच्या अलीकडे थांबली. ना लिंबू, ना मंत्र.

"वैभव, काटा कितीवर होता?" आकांक्षाने विचारलं.

"आधी चाळीस. गाऱ्हाण्याला वीस असेल. संपेस्तोवर रेघ गाठायची नव्हती ना..." बोलता बोलता तो गाडीच्या काट्याकडे बघायला लागला.

"झालं तर मग! वेग निम्मा झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी पाव अंतरातच थांबते. दुप्पट केलास की चौपट फरफटते. आणि ब्रेक फक्त चाक धरतो रे, गाडीला थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. ती तुझ्या टायरला आहे कुठे?"

"वेगसुद्धा मीच कमी केला!" महाराज ओरडले, पण आता कुणी ऐकेना. मनवाने बापाचा शर्ट ओढला. "पप्पा, घाटात समोरून ट्रक आला, तर त्याला गाऱ्हाणं संपेपर्यंत थांब म्हणायचं?"

वैभवने वाकून टायरवर हात फिरवला. महाराज मात्र आपल्या मोटारीकडे सटकले. आत बसले आणि आधी खटकन सीटबेल्ट लावला. सगळ्यांनी बघितलं.

मी वैभवला जवळ घेतलं. मला रडू येत होतं, ते मी लपवलं नाही. "बाळा, प्लास्टर घालायच्या आधी मनगटावरचे गंडेदोरे कातरीने मीच कापायचे. कुठल्या कुठल्या बाबांचे असायचे. पोरांची हाडं मोडलेली, पण दोरा एकाचाही तुटलेला नसायचा. देवाला हात जोड, कोण नको म्हणतंय? पण वेग तुझ्या हातात आहे, टायर तुझ्या हातात आहे, हेल्मेट तुझ्या काखेत आहे. डोकं वापर रे, फुटायच्या आधी."

त्याने खाली बघत हेल्मेट डोक्यावर चढवलं. "टायर टाकून घेतो, मावशी. आणि ह्या दोघी एसटीने जातील. मी पण त्यांच्यासोबतच जातो."

रुपालीने हँडलवरून काढलेलं लिंबू माझ्या हातात दिलं. "मावशी, आता खरं गाऱ्हाणं घाला."

मी घातलं. "बा देवा म्हाराजा, जी बुद्धी आज दिलंस, ती रस्त्यार गेल्यावर पण ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने वैभवच म्हणाला, "होय म्हाराजा!"