लुव्हिनियाच्या नावाचा कॉब्लर

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही,” ओझेल टार्व्हरने हॅट काढून छातीशी धरली. “हा कॉब्लर लुव्हिनियाने केलाय. आज सकाळी.”

पीचचा तो भाजलेला गोड पदार्थ खाता खाता टेबलाभोवतीचे चमचे थांबले. लुव्हिनियाला, त्याच्या बायकोला, फेब्रुवारीत पुरलं होतं. चर्चच्या मागे, पिकानच्या झाडाखाली, टेबलापासून मोजून ऐंशी पावलांवर.

“झालं सुरू!” चर्चचा कारभार बघणारा डीकन क्लीओफस म्हणाला. “देवाच्या अंगणात तरी थापा मारू नकोस, म्हाताऱ्या. चार घास सुखाने खाऊ दे.”

ओझेलच्या थापांची जॉर्जियाच्या त्या कोपऱ्याला सवयच होती. पीच निवडायच्या शेडमध्ये तो एक्केचाळीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहिला. डोळ्यांपुढून फळं वाहायची, हात चांगलं-वाईट वेगळं करायचे आणि तोंड मोकळंच असायचं. मग ते चालणारच. त्याच्या बापाच्या खेचराने म्हणे कुंपणाकडेने बिया थुंकत थुंकत सरळ रांगेत बाग लावली होती. एकाहत्तर साली फांदीला एक पीच असं धरलं होतं की त्याच्या सावलीत दोन लग्नं लागली, आणि दुसऱ्या लग्नाच्या वऱ्हाडाला तर थंडी वाजायला लागली! लोक पोट धरून हसायचे आणि एका अक्षरावर विश्वास ठेवायचे नाहीत.

पण ओझेलची एक थाप अख्ख्या गावाने त्रेचाळीस वर्षं खरी मानली होती. गंमत अशी, की ती त्याने कधी तोंडाने मारलीच नव्हती.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी गाव सोडून गेलेली माणसं अटलांटाहून, डेट्रॉइटहून परत यायची. प्रार्थना झाली की झाडांखाली टेबलं लागायची आणि प्रत्येक घरचं भांडं मांडलं जायचं. कोणाचं कुठलं ते कळावं म्हणून भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर नाव. नव्या सुनेची परीक्षाही तिथेच व्हायची. तिने पीचचा कॉब्लर करून आणायचा आणि म्हाताऱ्यांनी तो चाखायचा.

लुव्हिनिया गायला लागली की दगडाला पाझर फुटायचा. शाळेची बस चालवायची ती, आणि दोन चरांमधून उलटी काढून दाखवायची. पण पिठाशी तिचं जन्माचं वाकडं. थोरल्या बहिणीचा, व्हर्लीचा, डाव्या बाजूचा एक दात लुव्हिनियाच्या हातचं बिस्किट खातानाच हलला होता, तो पुढे कायमचा हलताच राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत शनिवारी लुव्हिनियाने दोन कॉब्लर जाळले, तिसरा कच्चा निघाला, आणि ती स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिली. आजीच्या चुलीपाशी वाढलेल्या ओझेलने तिचा अॅप्रन सोडला आणि स्वतःला बांधला.

“एवढं एकदाच हं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिला घास घेऊन बायकांनी डोळे मिटले. चर्चमधल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने लुव्हिनियाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “पोरी, तू आता आमची.” त्यानंतर कोण तोंड उघडणार? शेडमध्ये कळलं असतं तर ओझेलला अॅप्रन घालूनच पट्ट्यावर उभं केलं असतं, ही गोष्ट वेगळी. पण तेवढ्यासाठी तो गप्प राहिला नाही. त्या दिवशी लुव्हिनियाची मान जशी वर आली, ती त्याने पाहिली होती.

मग दर जुलैत तो करायचा, आणि ती खिडकीपाशी, खुर्चीवर जुन्या बसच्या सीटची उशी टाकून, गुणगुणत बसायची. शेवटी कात्रीने चिकटपट्टी कापून तिच्यावर स्वतःचं नाव लिहायची. तेवढं तिचं काम.

यंदा त्याने ठरवलं होतं, काहीच न्यायचं नाही. पण शुक्रवारी पास्टरच्या बायकोचा, कॅमिलचा फोन आला. “ब्रदर टार्व्हर, टेबलाच्या टोकाची सिस्टर लुव्हिनियाची जागा आम्ही मोकळीच ठेवतोय. तिथे दुसऱ्याचं भांडं नको वाटतं.”

मोकळी जागा! सगळं गाव येता-जाता त्या जागेकडे बघणार, हळहळणार. ते त्याला सोसवेना. पण एकट्या विधुराच्या घरातून तोच कॉब्लर, त्याच चवीचा बाहेर आला, तर गाव काय दुधखुळं आहे? दोन नि दोन चार करायला किती वेळ लागतो? लुव्हिनियाचं नाव त्या भांड्यावरून कायमचं निघालं असतं, आणि आपली बाजू सांगायला ती तर नव्हती.

म्हणून त्याने ठरवलं, करायचा, पण जरा बिघडवायचा.

रविवारी उजाडताना स्वयंपाकघरात धुकं शिरल्यासारखी वाफ साठली होती. गरम पाण्यातून काढलेल्या पीचची सालं नुसत्या अंगठ्याने सरकत होती, झोपेतल्या लेकराच्या अंगावरून दुलई सरकावी तशी. आतला गर सूर्य उगवायच्या आधीच उगवलेला. साखर पडली आणि फळांनी हळूच पाणी सोडलं. ओव्हनमध्ये भांड्यातलं लोणी वितळलं, कडेला तांबूस झालं. त्यावर त्याने दूध-पिठाचं पातळ मिश्रण ओतलं आणि वर फळं सोडली.

वरून ओतायच्या रसात पीचच्या दोन बिया उकळून काढायच्या, ही आजीची खूण. आज त्या उकळायच्या नाहीत असं पक्कं ठरलं होतं. पण बघतो तर पातेल्यात दोन बिया नाचत होत्या. हाताने कधी टाकल्या कोण जाणे! एक्केचाळीस वर्षं वाईट बाजूला काढलेले हात ते. वाईट मुद्दाम आत घालायचं त्यांना कुठून जमणार?

अजून एक उपाय होता. कॉब्लर भाजायच्या आधी ढवळायचा नसतो. ढवळला की पीठ फळांमधून वर चढत नाही, खाली लगदा होऊन बसतं. ओझेलने चमचा घेतला, भांड्यावर धरला. फक्त एक फेरा.

“अं-हं,” खिडकीकडून आवाज आला.

वळून बघतो तर खुर्ची रिकामी. बसच्या सीटची उशी तेवढी मधोमध दबलेली, आणि तिच्यावर कोवळं ऊन येऊन बसलेलं. बाहेर कुठे पारवा घुमला असेल. वाफेने फळी कुरकुरली असेल. ओझेलने चमचा खाली ठेवला. मग भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि काचेतून बघत राहिला. फळं खाली जात होती आणि पीठ त्यांच्यामधून सोनेरी होत वर येत होतं, कोणीतरी झोपेतून उठावं तसं. घरात अगदी बारीक गुणगुण चालली होती. ती त्याचीच होती, हे त्याला सूर चुकला तेव्हा कळलं.

भांड्याच्या बुडाला गेल्या वर्षीची, लुव्हिनियाच्या अक्षरातली चिकटपट्टी तशीच होती. एक कोपरा सुटलेला. त्याने ती काढली नाही.

आणि आता टेबलाशी, हॅट छातीवर धरून, तो हेच सगळं सांगत होता. फक्त जरा मीठमसाला लावून. लुव्हिनिया म्हणे पिकानखालून उठून, गाऊनवरची माती झटकत, दवातून अनवाणी चालत आली. स्वर्गातल्या ओव्हनची आच नीट लागत नाही म्हणाली. दोन बिया टाकल्या. “आणि जाताना मला म्हणते कशी, ओझेल, त्या क्लीओफसला खरपूस कोपरा देऊ नकोस, मेला दरवर्षी दोन कोपरे ढापतो!”

हशा उसळला. क्लीओफसने आपल्या थाळीतला कोपरा हाताने झाकला. पण कॅमिल हसली नाही. तिने आणखी एक घास घेतला, सावकाश.

“ब्रदर टार्व्हर, थट्टा पुरे. ही तीच चव आहे. अगदी तीच. खरं सांगा, केला कोणी?”

“ह्याच्या घरात दुसरं आहे कोण?” क्लीओफस म्हणाला आणि बोलता बोलताच थांबला. त्याच्या कपाळावर आठ्या जमल्या. “थांब, थांब. म्हणजे हे इतकी वर्षं...”

ओझेलने तोंड उघडलं. खेचर, गारा, पूर, सावली पाडणारं पीच, इतक्या वर्षांत जिभेवर आलं नाही असं काही नव्हतं, आणि आज ती कोरडी ठाक. त्याहून वाईट म्हणजे तिच्या टोकाशी एक खरं वाक्य येऊन बसलं होतं. ‘हो, मीच.’ त्रेचाळीस वर्षांत एकदा तरी कोणी घास घेऊन, आपल्याकडे बघून डोळे मिटावेत, असं त्याला वाटलं नव्हतं असं नाही.

“सरका, मला बघू दे,” टेबलाच्या त्या टोकाकडून व्हर्ली काठी टेकत आली. ऐंशी पार केलेली, आणि लुव्हिनियाची सख्खी बहीण. तिच्यापुढे कोण बोलणार? लोकांनी वाट करून दिली.

व्हर्लीने भांडंच जवळ ओढलं. एक हात त्याच्या बुडाखाली धरून दुसऱ्याने घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. बुडाखाली तिच्या अंगठ्याला चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा लागला. तो तिने दाबून, घासून पक्का बसवला. मग जिभेने डाव्या बाजूचा तो हलता दात चाचपला आणि ओझेलकडे बघितलं.

“खोटारडा!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पार पिकानखाली ऐकू गेलं असेल. “म्हणे लुव्हिनियाने केला! माझ्या बहिणीचा हात ओळखत नाही होय मी? तिचं बघून बघून थोडंफार उचललंयस, एवढंच. तिच्या कॉब्लरची ह्याला सरसुद्धा नाही... बघतोस काय असा? वाढ अजून.”