कोनफळाची खाज

कोनफळ सोलताना थोरलीच्या हाताला खाज सुटली नाही, आणि ती चपापली.

कोनफळ म्हणजे महाखाजरा जांभळा कंद. कच्चं सोललं की मनगटापर्यंत आग व्हायची. थोरली त्याला शिव्या घालत सोलायची, पण हातमोजे घालायची नाही. "मोज्यांतून कळतं काय, डोंबल?" लोणी, पीठ, ओव्हनची धग, सगळं ती हातानं जोखायची. दोघी जावांचं केकचं दुकान त्या हातांवरच चाललं होतं. धाकटी गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, बस्स. हल्ली कप थोरलीच्या हातातून निसटायचे, पण ती साबणाला दोष द्यायची.

आज ऑर्डर होती फिलिपिनो चवीच्या, कोनफळ घातलेल्या जांभळ्या चीजकेकची, एका मुलीच्या वाढदिवसासाठी. आणि कंद नव्या भाजीवाल्याकडचा.

हे कोनफळच ना? की दिसायला तसलंच काही रानटी? असलं भलतंच खाऊन माणसं आडवी झालेली तिनं ऐकलं होतं. वाटलं तर शेवटी फेकून देऊ, असं स्वतःला बजावत तिनं कंद उकडला, कुस्करला, नारळाच्या दुधात आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये घोटला. रंग तोच, वास तोच. फेटलेल्या चीजमध्ये कालवून टिन ओव्हनमध्ये ठेवला. जीव मात्र टांगणीला लागलेला. लहान मुलं खाणार होती हो ते!

केक होत आला तेव्हा धाकटी ओट्यावरची सालं भरायला आली.

"अगं बाई गं! वहिनी, हात पेटले माझे! कसलं मेलं हे कोनफळ!" ती कराकरा खाजवत नळाकडे धावली.

थोरलीला इतकं हायसं वाटलं की ती मोठ्यानं हसली. "खाजव, खाजव! कामाची सवय होईल जरा!" कोनफळच होतं. मुलांना काही होणार नव्हतं. त्याच आनंदात तिनं टिन बाहेर काढून ओट्यावर ठेवला. केक कुठंही तडकला नव्हता.

"तुम्हाला कशी खाज येत नाही हो?" धाकटीनं मागं वळून विचारलं, आणि तिचा आवाज एकदम बदलला. "वहिनी... फडकं कुठंय?"

गरम टिन धरायचं फडकं खिळ्याला तसंच टांगलेलं होतं. थोरलीनं तळहात उलटून पाहिले. कातडी लालबुंद होऊन फुगायला लागली होती. तिनं बोटं एकमेकांवर घासली, दाबली, मग नखं रुतवली. 

"बोला ना! फार दुखतंय का?" धाकटी रडकुंडीला आली.

"दुखायला हवं ना गं," थोरली म्हणाली.